पठारावरचा मुरमाचा रस्ता

आबा वाघर सोडायचे तेव्हा अजून पुरतं फटफटलेलं नसायचं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावलेली दोराची जाळी. तिच्या खुंट्या उपटल्या की सगळा कळप एकदम उठायचा, अंग झाडायचा, आणि कोकरं आपापल्या आयांना शोधत असा कालवा करायची की आमच्या पत्र्याच्या घरात कुणाची झोप टिकत नसे. आई तोवर चुलीपुढे बसलेली असायची. हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर सुंठ. तो वास घोंगड्याच्या आत शिरला की माझी धाकटी बहीण वैशाली डोळे न उघडताच म्हणायची, "माझं दाट ठेव गं आई." ते माडगं मी आजही करते, साताऱ्यात, गॅसवर. हुलगे गावाकडूनच आणवते. चव येत नाही. चूल नाही म्हणून येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते.

पठार आमच्या दारातून दिसायचं. त्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. एसटीपेक्षा लांब पाती घेऊन गाड्या आल्या, त्यांच्यासाठी डोंगराची सोंड कापून मुरमाचा रुंद रस्ता झाला, आणि चक्क्या फिरायला लागल्यावर घरात एक नवा आवाज कायमचा राहायला आला, कुणीतरी लांबवर ओली गोधडी झटकत असल्यासारखा. आबांना तो आवडत नसे. "मेंढरं बुजत्यात," म्हणायचे. मेंढरं दोन दिवसांत सरावली. आबा कधीच सरावले नाहीत. दर सकाळी दारात उभं राहून ते पठाराकडे बघायचे, थुंकायचे, आणि मग मेंढरं घेऊन त्याच पठारावर चढायचे.

शाळा पठाराच्या पलीकडच्या अंगाला, खालच्या मोठ्या गावात होती. आठवीत मुलींना शाळेतून सायकली मिळाल्या. डांबरी रस्त्यानं गेलं तर वाट सपाट होती, पण कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावत, गाणी मोठ्यानं लावून. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डांबरीनं जायाचं न्हाई. ते डोळं मिटून चालवत्यात. वरनं जावा, वर कोण न्हाई." म्हणून आम्ही वरनं गेलो. मी आणि वैशाली, ती माझ्याहून दीड वर्षानं लहान, रोज सकाळी पठार चढायचो आणि संध्याकाळी उलट्या बाजूनं परत चढायचो. आईला वाटलं, पोरी सुरक्षित आहेत. चार वर्षं ते खरंही होतं.

लहानपणापासून आबांच्या मागे मेंढरांबरोबर हिंडल्यामुळे पठारावरची प्रत्येक पायवाट मला पाठ होती. चक्क्यांचे रस्ते आल्यावर मी त्या जुन्या वाटा नव्या रस्त्यांना जोडायला लागले. पाझर तलावाला वळसा घालून जाणारी एक फेरी होती, म्हसोबाच्या चढणीची एक, आणि सगळ्यात लांबची, कडेच्या तीन चक्क्यांपासून निघून पठाराच्या पूर्वेच्या टोकापर्यंत जाऊन खाली दादू तात्यांच्या रानातून उतरणारी. कुठं मुरूम दाबून बसलाय, कुठं तो गोल खड्यांचा आहे आणि ज्वारीच्या राशीवर चालवल्यासारखी सायकल घसरते, कुठं काळी माती रस्त्यावर वाहून आली आहे आणि पावसानंतर तिथं चाक रुततं, हे मी वैशालीला शिकवलं. वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. उतारावर ढुंगण सीटवरून थोडं उचलायचं. टायरमधली हवा जराशी कमी ठेवायची. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, ढोपरं फोडून घेत आम्ही शिकलो होतो.

मागच्या महिन्यात साताऱ्यातली चार-पाच तरुण मुलं माझ्या घरी आली. जाड टायरच्या, वाकड्या हँडलच्या महागड्या सायकली. डांबर सोडून कच्च्या रस्त्यानं दीडशे किलोमीटर हिंडायचं, असा त्यांचा नाद. त्याला ते ग्रॅव्हल म्हणतात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पूर्वेकडच्या पठारावरचे रस्ते मॅडमना ठाऊक आहेत. मोबाइलवर नकाशा उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी बोटानं रेघा दाखवत गेले आणि ती मुलं खूश होत गेली. पूर्वेच्या टोकाशी आल्यावर एकजण म्हणाला, "इथून खाली उतरता येतं का?" मी म्हटलं, येतं. मग उठून आत पाणी आणायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

आमचे क्रीडाशिक्षक मोहिते सर स्वतः कधीकाळी सांगलीत सायकलच्या शर्यती धावलेले. एकदा ते मोटारसायकलवरून मुरमात घसरत पठार चढत होते आणि आम्ही दोघी दप्तरांसकट त्यांच्या शेजारून वर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. शाळेच्या अडगळीत दोन जुन्या रेसच्या सायकली होत्या, त्या दुरुस्त करून दिल्या, त्यांना जाड टायर बसवले, आणि आमचा सराव त्याच पठारावर सुरू झाला. सरांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र आम्हाला माहीत नव्हती. पुढे असणाऱ्यानं मागच्याला सांगायचं. दगड असला, गुरं आडवी आली, खड्डा असला, तर ओरडायचं, आणि वारा असला तर हात वर करायचा. "मागच्याला रस्ता दिसत नाही," सर म्हणायचे, "त्याला फक्त तुझी पाठ दिसते. त्याचे डोळे म्हणजे तू." वैशालीला ओरडायला भारी आवडायचं. शेळीची लेंडी दिसली तरी ती ओरडायची.

ती माझ्यापेक्षा वेगवान होती. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. मी अकरावीत गेले त्या वर्षी ती उंच झाली, पाय लांब झाले, आणि चढावर मी दात खाऊन तिच्यापुढे राहायचे एवढंच. माझ्या बारावीच्या वर्षी साताऱ्याला निवड चाचणी ठरली. त्यातून राज्याच्या संघात जागा मिळाली आणि पुढं पदक आलं, तर खेळाडू म्हणून नोकरीची वाट उघडणार होती. शाळेतून एकच मुलगी पाठवायची होती. सरांनी घड्याळ लावून आम्हाला तीन वेळा पळवलं आणि तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशाली जाईल. सारिका, तुझा आधार तिला लागेल. सराव तूच करून घे."

त्याच आठवड्यात घरी माझ्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा जतकडचा, मेंढरं आणि दहा एकर कोरडवाहू. आबांनी शब्द जवळजवळ दिलाच होता. "बारावी झाली की उजवून टाकायची," ते आईला म्हणाले, मी तिथंच भाकरी खात होते. त्या घरी मी काय करणार हे मला स्पष्ट दिसत होतं, कारण आई तेच करत होती. मला साताऱ्याची ती जागा हवी होती. वैशालीला ती पुढच्या वर्षीही मिळाली असती. मला पुढचं वर्ष नव्हतं.

मी तिला विहिरीवर गाठलं. ती घागर विसळत होती.

"वैशे, तू औंदा जाऊ नगंस."

"म्हंजी?"

"आजारी पड. पोटात दुखतंय म्हण. सर मला पाठवतील. तू पुढल्या साली जा."

तिनं घागर काठावर ठेवली. "आन पुढल्या साली माझं स्थळ आलं तर?"

"न्हाई यायचं. तू ल्हान हाईस."

"तुझं आलं तवा तू केवढी हाईस? अठरा बी न्हाईत पुरी." तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबून वळून म्हणाली, "मी खोटं न्हाई बोलायची, आक्का. तू मला हरव, मी घरात बसती."

तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एकाच घोंगड्यात झोपलो, एकाच ताटलीत जेवलो, पण बोललो नाही. आईच्या ते लक्षात आलं, पण पोरींची भांडणं म्हणून तिनं सोडून दिलं. आजही कधी मध्येच जाग आली की मला त्या तीन दिवसांतलं तिचं काहीतरी आठवतं. मीठ हवं असलं की ती माझ्याकडे न मागता उठून घ्यायची. माझी वेणी घालायला आलेला तिचा हात अर्ध्यावर थांबला होता.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही लांबच्या फेरीला निघालो. आषाढाचे दिवस होते, पावसाचा टिपूस नाही, आमच्या भागात तो महिना नुसत्या वाऱ्याचा असतो. चक्क्या पूर्ण वेगानं फिरत होत्या. पूर्वेकडे जाताना वारा पाठीवर होता आणि सायकली न हाकता पळत होत्या. शेवटच्या चढावर मी जिवाच्या आकांतानं पायडल मारलं आणि तिला मागे टाकलं, पन्नास-साठ पावलं तरी. मला वाटलं, हिला हरवता येतंय. त्याच भरात मी चढ संपवून दादू तात्यांच्या रानाच्या उताराला लागले.

उताराच्या मध्यावर रस्त्याच्या कडेला बाभळीच्या काट्या पडलेल्या दिसल्या. ताज्या तोडलेल्या. वाऱ्यानं त्या रस्त्यावरून लोटून बांधाला नेऊन लावल्या होत्या. त्यांच्यापुढं थोड्या अंतरावर रस्ता तुटलेला होता. दादू तात्यांनी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कमरेइतका खोल चर खणून घेतला होता. चक्क्यांच्या गाड्या त्यांच्या रानातून फिरून पीक तुडवत होत्या आणि तक्रार कुणी ऐकत नव्हतं, हे नंतर कळलं. चराची माती खालच्या बाजूला सारलेली, आणि वरून येणाऱ्याला मुरमात मुरूम मिसळून तो चर अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हता. मला काट्यांमुळे कळलं. मी मागचा ब्रेक आवळला, डावीकडे बांधाच्या कडेला सायकल घातली आणि बांधावर पाय टेकून थांबले.

मग मागे बघायला आणि ओरडायला वेळ होता. मी तो वेळ मनात कित्येक वेळा मोजला आहे. कधी तो मला एका श्वासाएवढा वाटतो, कधी तीन. वारा पाठीमागून होता, माझा आवाज तिच्यापर्यंत गेलाच नसता, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण हात वर करता आला असता. हात हँडलवरच होता. तिनं पडावं असं माझ्या मनात आलं का? नाही. तिला काही सांगू नये, एवढंच आलं. तीन दिवसांचा अबोला तोंडात होता आणि तो मोडायचा मान तिला का द्यायचा, असं काहीतरी. ती माझ्या उजव्या बाजूनं गेली. वेग कमी झाला नव्हता. उलट वाढला होता.

सायकल चरात राहिली आणि ती पलीकडच्या मातीवर पाठीवर आपटली. मी पोहोचले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून वर बघत होती. "आक्का, माझं पाय कुठं हाईत?" तिनं विचारलं. पाय तिथंच होते, एक दुसऱ्यावर पडलेला. मी ओरडत चक्क्यांच्या पहारेकऱ्यांच्या खोलीपर्यंत पळाले. त्यांनी जीप आणली आणि आम्ही तिला हातापायाला धरून उचललं, झोळीसारखं, आणि मागच्या फळीवर ठेवलं. पुढे पोलिसात प्रशिक्षण घेताना अपघातातला माणूस कसा उचलू नये हे आम्हाला दाखवलं. मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही दीड महिना होतो. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं की कंबरेखाली जीव परत यायचा नाही. आबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले आणि पटक्याचं टोक तोंडात धरून राहिले. नवव्या-दहाव्या दिवशी दादू तात्या आले. उंच, काळे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांच्या हातात शहाळं होतं. आबा त्यांना बघून उठले आणि मला वाटलं, आता हात उचलतील.

"आबा, मार मला," तात्या म्हणाले. "पर मी काट्या टाकल्या हुत्या रं. रस्ताभर टाकल्या हुत्या. वाऱ्यानं उडाल्या आसतील, पर बांधाला तरी हुत्याच की." मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "पोरी, तू म्होरं हुतीस. तुला काट्या न्हाई दिसल्या?"

खोलीत आई होती, आबा होते, शेजारच्या खाटेवरची बाई होती. तेवढ्यात खाटेवरून वैशाली बोलली. मान हलवता येत नव्हती म्हणून ती छताकडे बघतच बोलली.

"तिनं हाक मारली हुती, तात्या. वाऱ्यात मला ऐकाय आली न्हाई."

तात्यांनी मान खाली घातली. आबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि स्वतः मरेपर्यंत ती फिरवलेलीच ठेवली. तात्यांनी तो चर स्वतः फावड्यानं बुजवला, एकट्यानं, चार दिवस. पुढं ते आमच्या दारावरून जायचे नाहीत, लांबच्या पांदीनं फिरून जायचे. लग्नाकार्यात आबा असतील तिथं यायचे नाहीत. त्यांच्या काट्या दिसल्या होत्या हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना म्हातारं होताना, एकटं पडताना बघितलं. आता दोघंही नाहीत. तात्यांच्या मुलाला मी गेल्या वर्षी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "आता सांगून काय उपेग, आक्का?"

साताऱ्याला मी गेले. सर म्हणाले जा, आई म्हणाली जा, आणि वैशालीनं दवाखान्यातून निरोप पाठवला, जा. निवड झाली, पुढं पदक आलं, पोलिसात नोकरी लागली. जतचं स्थळ मोडलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. घरी मात्र सकाळ बदलली. वाघर सोडायच्या आधी आबा आणि आई मिळून वैशालीला कुशीवर वळवायचे, पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून. आबांनी तिच्या खाटेवर आडव्याला एक दोर बांधला, त्याला धरून ती अर्धी उठायची. आईच्या हाताला चुलीच्या धुराबरोबर औषधाच्या पावडरीचाही वास यायला लागला. एवढं करूनही जखमा झाल्याच, मग मूत्रपिंडं बिघडली. ती नऊ वर्षं जगली.

शेवटच्या वर्षी मी रजा काढून गेले होते. दुपारची वेळ. आबा मेंढरांमागे, आई दळण आणायला गेलेली. वैशाली दोराला टेकून बसली होती आणि मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत होती. हात मजबूत राहिले होते तिचे. मी तिच्या बोटांकडे बघत बोलले.

"वैशे, मी हाक दिली नव्हती."

बोटं थांबली नाहीत. "म्हाईत हाय मला."

"मग तात्यांना तसं का सांगितलंस?"

"आबा तितंच हुबं हुतं." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "त्यांनी तुला घरात ठिवली नसती. मी तर कामाची राह्यली नव्हती. आईआबाचं म्हातारपण कोण बघणार हुतं? दोघी बी कशाला जायाच्या?"

तिनं हे हिशेब मांडल्यासारखं सांगितलं, चढ-उतार न करता. मी म्हटलं, "तुला राग आला नाही?"

"लय आला. वरीसभर आला. तुझं पदक आलं तवा मी दोन दीस जेवली न्हाई, आईला पोट बिघाडलंय म्हन्ली." मग तिनं पहिल्यांदा हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. "पर तुला एक सांगू का, आक्का? तू डाव्या अंगाला वळलीस न्हवं, ते मला वरनं दिसलं हुतं. बांधाला जाऊन थांबलीस, रस्ता मोकळा केलास. मला वाटलं, तुझा राग गेला. मला म्होरं जायाला वाट दिलीस. मी म्हन्लं, आता बोलंल आक्का. म्हणून तर मी जोरात पायडल मारलं."

बाहेर चक्क्या फिरत होत्या. तिनं सुपातले दाणे दोन्ही हातांनी चोळले, फुंकर मारून फोलपटं उडवली, आणि मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी ते खाल्ले.